स्टुलावरून उठलेले चाचा

चाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मंठ्याला नवीन बदली होऊन आलेला मी मास्तर, त्यांच्या दुकानासमोर उभा होतो आणि डाव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचा पट्टा तुटून लोंबत होता. त्यांनी माझा एक बूट पाहिला, दुसरा पाहिला आणि म्हणाले, "चाला."

"कुठं?"

"त्या पानटपरीपर्यंत. दहा पावलं. मंग परत या."

मला पोलिओ झाला तेव्हा मी वर्षाचासुद्धा नव्हतो. तेव्हापासून लोक माझं चालणं बघत आले आहेत, पण चोरून. मी वळलो की नजर फिरवतात. भर बाजारात, सगळ्यांदेखत "चाला, मला बघायचंय" असं सांगणारा हा पहिलाच माणूस. मला असा राग आला की सांगता सोय नाही. पण पट्टा लोंबत होता आणि जाड चामडं शिवणारी मशीन अख्ख्या मंठ्यात या एकाच दुकानात होती. मुकाट्याने टपरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

"तुम्ही रोज जिना चढता. कठडा उजव्या हाताला हाये," चाचा म्हणाले. "आणि मागच्या कारागिरानं टाच अर्धा बोट कमी ठेवली. काई अक्कल न्हवती त्याला. बसा."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी बसलो, तो पुढची बारा वर्षं बसतच राहिलो. शाळा सुटली की दुकानाबाहेरच्या फळीवर टेकायचं, चहा घ्यायचा आणि चाचांचं बोलणं ऐकायचं, असा नेमच झाला. चहा मीच सांगायचा. चाचांनी मला कधी चहा पाजला नाही. मशीनीवर बसलेल्या माणसाला असल्या गोष्टींना वेळ नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती पायांवरून. नाव विचारलं तर डोकं खाजवायचे. "ते हो, उजवी टाच बाहेरून झिजते ते," म्हटलं की आपण ओळखायचं, किराणावाले शेठ. त्यांच्या सख्ख्या व्याह्यांची ओळखसुद्धा त्यांनी मला "अंगठा वर येतो यांचा" अशी करून दिली होती. व्याही समोर उभे होते.

रेग्झिनशी त्यांचं हाडवैर. वस्तू हातात आली की आधी कानाशी नेऊन वाकवायची आणि आवाज ऐकायचा. एकदा कुठल्याशा कचेरीतले एक साहेब पट्टा घेऊन आले. शहरातल्या मोठ्या दुकानातून घेतलेला, बक्कल चमकतंय, फक्त एका टोकाचे टाके उसवलेले. चाचांनी तो कानाशी वाकवला आणि परत दिला.

"हे शिवता येणार न्हाई, साहेब."

"का? एवढंसं तर काम आहे."

"हे चामडं न्हाई. चामड्याचा फोटो हाये."

साहेब लालबुंद झाले. चाचांनी तोवर पुढच्या माणसाचा बूट हातात घेतला होता.

एका लग्नसराईत तर त्यांनी अख्खी वरात थांबवली. नवरदेवाचे बूट चावत होते, म्हणून त्याला घोड्यावरून उतरवून दुकानात आणला. चाचांनी त्याला मुंडावळ्यांसकट दहा पावलं चालायला लावलं. बँडवाल्यांना वाटलं नवरदेवाला नाचायचंय, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. त्या गोंधळात चाचा शांतपणे म्हणाले, "बूट भावाचे घातले का?" नवरदेवाने मान खाली घातली. खरंच मोठ्या भावाचे होते. नवरीचा मामा घड्याळ दाखवत ओरडत होता, मुहूर्त चालला म्हणून. चाचांनी मागची शिवण उसवली, आत नखाएवढी पट्टी घातली, बूट मशीनीच्या लोखंडी हातावर चढवला आणि त्या मामांना म्हणाले, "मुहूर्त गेला तर दुसरा काढता येतो. टाच सोलली तर पंधरा दिवस बसाल घरी." मामांनी घड्याळाचा हात खाली घेतला. वरात पुढे गेली आणि नवरदेव खरोखरच नाचत गेला.

आता मशीनीबद्दल सांगायला हवं. काळी, बसक्या अंगाची, आणि एका बाजूला मनगटाएवढा जाड, लांब लोखंडी हात. त्या हातावर बूट मोज्यासारखा चढवायचा म्हणजे सुई पार आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचते. सुईशेजारचा चिमुकला पाय चारी दिशांना फिरतो. कापडाच्या मशीनीत कापड वळवावं लागतं. इथे बूट जागचा हलत नाही, मशीनीचा पायच वळतो. "बघा मास्तर, तुमच्यापेक्षा हिचा पाय बरा," असं चाचा म्हणायचे आणि मी हसायचो. माझ्या पायावर विनोद करायची परवानगी मी फार थोड्या लोकांना दिली आहे.

ही मशीन त्यांच्या दादांची, म्हणजे आजोबांची. दादा जालन्याच्या छावणीत घोड्यांची खोगिरं शिवायचे. मशीन त्यांच्याकडे कशी आली याच्या तीन हकिकती होत्या. एकीत छावणी सोडून जाणाऱ्या गोऱ्या साहेबाने खूश होऊन दिली होती. दुसरीत पलटणीच्या ठेकेदाराकडून घेतली होती. तिसरी फक्त ईदला ऐकायला मिळायची, तिच्यात दादांनी एक अख्खं खोगीर एकही चूक न करता शिवायची पैज मारून ती जिंकली होती. मी एकदा म्हटलं, "चाचा, मागच्या वेळी तुम्ही वेगळंच सांगितलं होतं." ते म्हणाले, "मशीन तीच हाये ना? मंग झालं."

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी बदलून सांगितली नाही. ती म्हणजे मशीन पुढे द्यायची घरची रीत. दादांनी ती त्यांच्या वडलांना दिली, वडलांनी त्यांना. दोघांनीही जिवंतपणी, धडधाकट असताना, आपल्या हाताने दिली. आणि देणाऱ्याने त्या दिवसानंतर मशीनीपुढच्या स्टुलावर बसायचं नाही. मशीनीला हात लावायचा नाही. वडील मशीन देऊन झाल्यावर अकरा वर्षं बाहेरच्या फळीवर बसून होते, पण चाकाला बोट लावलं नाही. "एका घरात दोन कारागीर चालत न्हाईत," चाचा म्हणायचे. "गिऱ्हाइकानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

म्हणजे मशीन द्यायची तर स्वतःचं काम सोडून द्यायचं. चाचांची सत्तरी उलटली, हाताला किंचित कंप आला, सुईत दोरा घालताना डोकं मागे जाऊ लागलं, तरी हा विषय ते काढत नव्हते. काढला तर लगेच मिटवत होते.

मुलगा जालन्यात मोबाइलच्या दुकानात. भला माणूस, दर महिन्याला यायचा, बापासाठी काही ना काही आणायचा. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी छत्रपती संभाजीनगरला हॉटेल काढलं होतं आणि त्याला जुन्या वस्तू मांडायच्या होत्या. मुलगा माझ्यासमोरच म्हणाला, "अब्बा, मशीनीला चांगली जागा हाये. काचेत ठेवतील, वरून लाइट लावतील. लोक फोटो काढतील."

"मला पण ठेवा मंग काचेत," चाचा म्हणाले. "दोघांचा फोटो येईल."

मुलगा हसला. त्याला ती नको होती आणि ते त्याने कधी लपवलंही नाही.

जिला हवी होती ती नसीम, चाचांची मुलगी. मंठ्यातच दिलेली, नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. ती घरी ब्लाउज शिवायची आणि दुपारी बापाचा डबा घेऊन दुकानात यायची. डबा देऊन ती निघून जात नसे. दोऱ्याला मेण लावून ठेवायची, सुया पुसायची, शुक्रवारी मशीनीला तेल घालायची. हे ती परकरात होती तेव्हापासून करत आली होती. चाळिशी जवळ आली तरी स्टुलावर तिला चाचांनी एकदाही बसू दिलं नव्हतं.

एकदा तिने माझ्यादेखत स्पष्ट विचारलं. "अब्बा, मशीन मेरेकू देव. भाई को नक्को है."

चाचा बुटातून मान वर न काढता म्हणाले, "तेरा हात कपडे का है."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "कापडाला चूक माफ असते, मास्तर. टाका उसवला, पाणी मारलं, इस्त्री फिरवली, भोक गायब. चामड्याला पडलेलं भोक जात न्हाई. कापडाच्या हाताला ते कळत न्हाई."

नसीम डबा उचलून निघून गेली. तिचे डोळे भरले होते. ते मला दिसलं आणि मी गप्प बसलो. आजही त्याची लाज वाटते. मला तेव्हाही ठाऊक होतं की कापडाचा हात हे अर्धंच कारण आहे. दुसरं अर्धं म्हणजे चाचांना स्टूल सोडायचं नव्हतं, आणि दोघांपैकी कुणालाही दुखवायची माझी तयारी नव्हती.

मग चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. जालन्याच्या डॉक्टरांनी महिनाभर धूळ नको, वाकायचं नाही, असं बजावलं. काळा चष्मा लावून चाचा घरी पडले. दुकान नसीम उघडायची, फक्त तयार कामं लोकांना परत द्यायला.

नेमका त्याच आठवड्यात माझा गुडघ्याचा पट्टा गेला. कॅलिपरमध्ये गुडघ्यावर एक चामड्याची गादी असते, ती पट्ट्यांनी मागे आवळलेली. त्या पट्ट्यावर माझं सगळं उभं राहणं असतं. तो सुटला की गुडघा दुमडतो आणि मी पडतो. पूर्वी दोनदा पडलो आहे, एकदा दात गेला. सुतळीने बांधून कसाबसा दुकानात आलो.

नसीमने पट्टा हातात घेतला, कानाशी नेऊन वाकवला. थोडा वेळ मशीनीकडे बघत राहिली.

"सर, मी करते."

"चाचांना विचारलं का?"

"विचारलं तर न्हाईच म्हणतील. तुमचं काय म्हणणं हाये?"

मी म्हणालो, कर. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात, मला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं होतं. पण ती स्टुलावर बसली तेव्हा तिने ओढणी खोचली, हात चाकावर ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले, ते पाहून मलाच भरून आलं. तासाभराने नवा पट्टा हातात आला. काय सुंदर काम! टाके इतके बारीक, इतके जवळजवळ, की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. चाचांचे टाके याच्यापुढे गावठी दिसले असते. मी तसं बोलूनही दाखवलं.

"गुडघ्याचा पट्टा हाये ना," ती म्हणाली. "म्हणून दुप्पट टाके घातले. मजबूत पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पाचवीचा वर्ग घेत होतो. भागाकार चालला होता. दारात नसीम येऊन उभी राहिली. स्कूटी फाटकाजवळ आडवी टाकून पळत आली होती, दम लागला होता.

"सर, पट्टा काढा."

"काय झालं?"

"उरलेल्या चामड्यावर सकाळी तसेच टाके घालून बघितले. ओढलं आणि टरकन फाटलं, टाक्यांवरनंच. भोकं लई झाली, सर. चामडं राहिलंच न्हाई मधी."

मला कळायला क्षण लागला. कापडात जितके टाके जास्त तितकी शिवण पक्की. चामड्यात प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि भोकं जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. चाचा एका बोटाच्या रुंदीत पाच टाके घालायचे, सहावा नाही. तिला हे माहीत होतं. लहानपणापासून पाहिलं होतं. पण माझा गुडघा आहे, सर पडायला नकोत, म्हणून तिने दहा घातले होते.

"शाळा सुटल्यावर देतो," मी म्हणालो.

"आत्ता काढा. तुम्ही जिना उतरणार."

वर्गात चाळीस पोरं. बारा वर्षांत एकाही पोराने माझा पाय पाहिला नव्हता. कॅलिपरचा आवाज सगळ्यांना माहीत होता, पण पँटच्या आत काय आहे ते मी माझ्या भावालासुद्धा सहजासहजी दाखवत नाही. मी हळू आवाजात म्हणालो, "नसीम, पोरं आहेत."

तीही हळूच बोलली, पण मागे हटली नाही. "सर, चूक माझी हाये. पण पाय तुमचा हाये."

मी खुर्चीत बसलो. पँट वर सरकवली आणि एकेक बक्कल सोडत गेलो. माझा तो काडीसारखा पाय उघड्यावर आला तेव्हा कानशिलं तापली होती, खोटं कशाला सांगू. नसीमने कॅलिपर उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि गेली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ते लोखंडाचं किती किलोचं हाये?" दुसऱ्याने विचारलं, "सर, पळता येतं का त्याच्यावर?" पाचच मिनिटांत भागाकार राहिला बाजूला आणि मी पोरांना कॅलिपर कसं चालतं ते फळ्यावर काढून दाखवत होतो, बसल्या बसल्या. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो, कोण जाणे.

शाळा सुटायच्या आत ती पट्टा बदलून परत आली. बोटाच्या रुंदीत पाच टाके. मी मोजले.

मधल्या वेळात तिने आणखी एक गोष्ट केली होती, ती मला चाचांकडूनच कळली. त्या संध्याकाळी मी त्यांना भेटायला घरी गेलो. काळा चष्मा लावून ते बाजेवर बसले होते आणि हातात नसीमचा तो फसलेला पट्टा होता. तिने स्वतः नेऊन दिला होता. ते त्याच्यावरून बोट फिरवत होते, पुन्हा पुन्हा.

"मास्तर, तुम्ही पडले न्हाई ना?"

"नाही. तिने आधीच काढून नेला."

"पोरांच्या समोर?"

"हो."

त्यांनी पट्टा मांडीवर सरळ करून ठेवला. मग म्हणाले, "मी बी केल्ती हीच चूक. अठरा-एकोणीसचा होतो. टांग्याच्या घोड्याचा पट्टा होता. दाट टाके घातले, दिसायला लई झकास. घरी जाऊन कळलं का हे फाटणार. पण सांगायला गेलो न्हाई. शरम वाटली. म्हटलं, चालंल चार दिवस, मंग गुपचूप बदलून देऊ. दुसऱ्या दिवशी उतारावर पट्टा तुटला. टांगेवाल्याचा हात मोडला, कोपरातून. तो जन्मभर वाकडाच राह्यला." चाचांनी चष्मा काढला, डोळे पुसले, डॉक्टरांनी मना केलं असतानासुद्धा. "बापाला बी कधी सांगितलं न्हाई. बापानं मशीन दिली मला. घेतली मी."

मी त्यांच्या जवळ सरकून बसलो.

महिना झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली. डोळा लख्ख झाला होता, दोरा आता पहिल्या झटक्यात सुईत जाईल असं चाचा ज्याला त्याला सांगत होते. सगळ्यांना वाटलं, आता हे पुन्हा वीस वर्षं हलत नाहीत. शुक्रवारी त्यांनी मुलाला जालन्याहून बोलावून घेतलं, मलाही निरोप धाडला. नमाज पढून आले, स्वतःच्या हाताने मशीन पुसली, तेल घातलं, चाक एकदा रिकामंच फिरवून आवाज ऐकला. मग स्टुलावरून उठले आणि नसीमला म्हणाले, "बैठ."

ती बसेना. हात जोडून उभी राहिली, आणि रडायला लागली. "अब्बा, मेरे हात से गलती हुई."

"हुई तो बोली ना," चाचा म्हणाले. "मैं नै बोल्या था. बैठ."

ती बसली. मुलाने हॉटेलवाल्याला तिथूनच फोन लावला आणि मशीन मिळणार नाही, काम चालू आहे, असं सांगून टाकलं. सांगताना त्याचाही आवाज जरा चढाच होता, अभिमानाने.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखा गेलो. दुकानासमोर तीन-चार गिऱ्हाइकं होती. नसीम एका शेतकऱ्याच्या बुटाच्या टाचेत गुंतली होती. आणि चाचा? चाचा दारातच उभे. रीत मोडायची नव्हती, म्हणून हात पाठीमागे घट्ट बांधलेले, पण मान पुढे काढून तिच्या सुईवर डोळे लावलेले. ओठ हलत होते. टाके मोजत असणार. मध्येच खांदा पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा. इतका कासावीस झालेला माणूस मी परीक्षेच्या निकालालाही पाहिलेला नाही.

नसीमने मान वर केली नाही. हात चाकावर तसाच ठेवून म्हणाली, "अब्बा, जरा बाजूकू सरको. उजाला अडरा."

गिऱ्हाइकांनी वळून चाचांकडे पाहिलं. त्या दुकानात चाचांना कुणी सरका म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या सावलीकडे. ती खरंच बुटावर पडली होती. ते बाजूला झाले. हळूहळू चालत फळीपाशी आले, माझ्या शेजारी टेकले आणि हातांचं काय करावं ते न कळल्यासारखे ते मांडीवर ठेवून बसले. मशीन पुन्हा सुरू झाली. थोडा वेळ आम्ही दोघं तो आवाज ऐकत होतो.

मग चाचांनी समोरच्या चहाच्या हॉटेलातल्या पोऱ्याला हाक मारली आणि मला विचारलं, "मास्तर, चहा घेता का? माझ्याकडून."